अंबर हातात आल्यावर: नवशिक्यांसाठी पारखण्याचा क्रम

अंबर म्हणजे झाडाच्या राळेचं जीवाश्म. कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून राळेतला उडून जाणारा भाग निघून गेला, उरलेले रेणू एकमेकांत गुंतून घट्ट झाले. त्यात स्फटिकरचना नाही आणि ते खनिजही नाही. रत्नशास्त्रात ते मोती, पोवळं, हस्तिदंत यांच्या पंगतीला, म्हणजे सेंद्रिय रत्नांत बसतं. त्यामुळे माणिक-पुष्कराज बघताना हाताला लागलेल्या सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत, आणि काही सवयींनी तर माल बिघडतो.

नावांबद्दल एवढं लक्षात ठेवा. बाजारात कहरुबा, जुन्या पुस्तकांत तृणमणी आणि हल्ली सगळीकडे अंबर, ही एकाच वस्तूची नावं. अत्तरवाल्यांचं अंबर मात्र वेगळं. ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. कोकण किनाऱ्यावर 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या येतात, त्या याच वस्तूच्या. तिचा व्यापार भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ऑनलाइन शोधताना दोन्ही एकाच यादीत येतात, तेव्हा बटण दाबण्याआधी आपण काय मागवतोय ते बघा.

आता मुद्द्याचं. जगभरातल्या अंबरचे आकडे जवळपास सारखेच आहेत. वक्रीभवनांक (आत शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.५४, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) साधारण १.०५ ते १.१०, ओरखडा किती सहज पडतो ते सांगणाऱ्या मोह्सच्या मापावर काठिण्य २ ते २.५. बाल्टिक घ्या, डॉमिनिकन घ्या, बर्मी घ्या, फरक दुसऱ्या-तिसऱ्या दशांशात जातो आणि तो तुमच्या उपकरणाच्या चुकीत सहज बुडतो. म्हणजे हे आकडे 'हे अंबर असू शकेल का?' एवढ्याच प्रश्नाला उपयोगी आहेत. 'कुठलं अंबर?' याचा अंदाज प्रकाशावरून येतो. उजेड आरपार गेला की काय होतं, वरून पडला की काय होतं, अतिनील किरण पडले की काय होतं, ते बघायचं. खात्री शेवटी प्रयोगशाळेतल्या अवरक्त वर्णपटावर, म्हणजे अंबर कुठले अवरक्त किरण शोषतं त्याच्या आलेखावर.

आणि कुठलीही एक चाचणी 'अंबर आहे' असं सांगत नाही. प्रत्येक चाचणी एकेका संशयिताला बाद करते. म्हणून क्रमाला महत्त्व आहे.

काय काय लागेल

दहा पटीचं भिंग, ज्याला जवाहिरे लूप म्हणतात. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही, म्हणजे अतिनील टॉर्च. मीठ, काचेचा पेला, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. काळ्या सुती कापडाचा तुकडा. पोलराइज्ड गॉगल आणि लॅपटॉप. वक्रीभवनांक मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर उत्तमच, नसेल तर नुसत्या या हौसेसाठी विकत घेऊ नका.

टॉर्चवर मात्र पैसे वाचवू नका. बाजारात स्वस्तात मिळणारे जांभळे टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांच्यातून डोळ्यांना दिसणारा जांभळा उजेडच इतका पडतो की समोरची प्रत्येक वस्तू निळसर दिसते, आणि नवशिका खुश होऊन म्हणतो, बघा, चमकतंय! ३६५ चा टॉर्च घ्या, शक्यतो दिसणारा प्रकाश अडवणारी काळी काच पुढे बसवलेला. तो डोळ्यांवर मारायचा नाही, मुलांच्या हातात द्यायचा नाही.

पहिली पायरी: नुसतं बघणं

हात धुवा, मणी कोरड्या कापडाने पुसा आणि खिडकीपाशी जा. ट्यूबलाइटखाली अंबर बघण्यात अर्थ नाही.

हातात घेताच दोन गोष्टी कळतात. अंबर हलकं असतं, आणि काचेसारखं गार लागत नाही. काच इथेच बाद झाली. प्लास्टिक मात्र दोन्ही बाबतींत अंबरसारखंच आहे, तेव्हा या आनंदात फार वेळ राहू नका.

आता लूप. मण्याच्या भोकापासून सुरुवात करा. विकणाऱ्याने पॉलिश बाहेरून केलेलं असतं, भोकाच्या कडा सहसा कोणी सजवत नाही. अंबर ठिसूळ आहे, त्यामुळे भोकाशी बारीक टवके उडालेले दिसतात आणि त्यांचा तुटलेला भाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार असतो. प्लास्टिकच्या मण्यात तिथे गुळगुळीत कडा दिसते, कधी साच्याची रेघ. भोकाच्या आत रंग बाहेरच्यापेक्षा फारच फिका असेल तर वरचा रंग तापवून किंवा रंगवून आणलेला आहे, असं समजून पुढे जा.

मग आत बघा. हवेचे बुडबुडे गोल आहेत की एकाच दिशेने लांबट ताणलेले? सगळेच्या सगळे एका दिशेने ताणलेले असतील आणि मधूनमधून धुरकट पट्टे वाहत गेल्यासारखे दिसत असतील, तर दाबून केलेलं अंबर असल्याचा संशय घ्या. बारीक चुरा तापवून दाबाखाली एकत्र करतात. ते अंबरच असतं, पण नैसर्गिक तुकडा नसतो, आणि किमतीत हा फरक मोठा आहे.

पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर दोन शक्यता. जुनं अंबर हवेने आणि उजेडाने वर्षानुवर्षं सुकत गेलं की असं होतं. कोपलही तसंच तडकतं, पण खूप लवकर.

कोपल म्हणजे अजून अंबर न झालेली राळ. कोलंबिया आणि मादागास्करहून येणाऱ्या बऱ्याच कोपलचं वय शेकड्यांत किंवा हजारांत मोजायचं असतं. त्याचा वक्रीभवनांक १.५४ आणि विशिष्ट गुरुत्व अंबरइतकंच, कधी किंचित कमी. आकड्यांच्या चाळणीतून ते सरळ खाली पडतं. या सगळ्या खटाटोपातला खरा प्रतिस्पर्धी तोच आहे, प्लास्टिक त्यामानाने सोपं.

दुसरी पायरी: मिठाचं पाणी

२०० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. या पाण्याची घनता साधारण १.१२ होते. शेजारी साध्या पाण्याचा एक पेला ठेवा.

आधी साधं पाणी. अंबर त्यात बुडायला हवं, हळूहळू का होईना. तरंगलं तर आत पोकळी आहे, पॉलिथिनसारखं हलकं प्लास्टिक आहे, किंवा सूक्ष्म बुडबुड्यांनी भरलेलं पांढरं बाल्टिक अंबर आहे. ते कधीकधी साध्या पाण्यातही वर राहतं. मग मिठाचं पाणी. इथे अंबर तरंगायला हवं. नकलांत वापरतात त्या प्लास्टिकांपैकी बेकेलाइटचं विशिष्ट गुरुत्व १.२५ च्या पुढे, सेल्युलॉइडचं १.३५ च्या आसपास, केसीनचं १.३२ च्या पुढे, अ‍ॅक्रिलिकचं १.१८. हे सगळे तळाला जातात. कीटक घालून ओतलेली पॉलिएस्टर राळही तळ गाठते.

इथे नवशिके हमखास फसतात ते मण्याच्या भोकामुळे. भोकात हवेचा बुडबुडा अडकला की बुडायचा मणीही तरंगतो. मणी आधी ओला करा, पाण्यात धरून भोकातून बारीक ब्रश फिरवा आणि मगच सोडा. दोरा, चांदीची टोपी, कडी काही काही लावलेलं नको. अंगठीत जडवलेल्या खड्याला ही चाचणी नाहीच. झाल्यावर साध्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर भोकात मिठाचे कण बसतात.

तरंगणाऱ्यांत अंबर, कोपल, दाबलेलं अंबर आणि पॉलिस्टायरीन एवढे उरले. पॉलिस्टायरीनचं विशिष्ट गुरुत्व १.०५ आहे, त्यामुळे ते इथून निसटतं, पण त्याचा वक्रीभवनांक १.५९. रिफ्रॅक्टोमीटरवर लगेच पकडलं जातं.

रिफ्रॅक्टोमीटर मिळालाच तर

अंबर सहसा मणी किंवा गोल घुमटाच्या आकारात असतं, सपाट पैलू क्वचित. म्हणून थेंबाची पद्धत वापरायची. उपकरणाच्या काचेवर संपर्कद्रवाचा (काच आणि मणी यांच्यात हवा राहू नये म्हणून लावायच्या द्रवाचा) अगदी बारीक ठिपका, त्यावर मण्याचा गोल भाग, आणि डोळा भिंगापासून फूटभर मागे. ठिपका अर्धा काळा आणि अर्धा उजळ दिसतो तिथला आकडा वाचायचा. दोन दशांश मिळाले की पुरे. १.५४ आला तर ठीक. १.५० आला तर अ‍ॅक्रिलिक, १.५९ आला तर पॉलिस्टायरीन, १.६१ च्या वर गेला तर बेकेलाइट.

केसीन १.५५ दाखवतं आणि पॉलिएस्टरही जवळपास तिथेच असतं, त्यामुळे एकट्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका. पण ते दोन्ही मिठाच्या पाण्यात आधीच बुडालेले असतात. मीठ आणि रिफ्रॅक्टोमीटर ही जोडी मिळून जवळपास सगळं प्लास्टिक निकालात काढते, असा माझा विश्वास आहे. वाचन झालं की द्रव लगेच पुसा. तो अंबरच्या पृष्ठभागावर रेंगाळू द्यायचा नाही.

तिसरी पायरी: काळं कापड आणि यूव्ही

खोली पूर्ण अंधारी करा. पांढरा कागद, पांढरा शर्ट, धुण्याच्या पावडरीने धुतलेला रुमाल हे सगळं यूव्हीखाली निळं पेटतं, आणि त्या उजेडाचं प्रतिबिंब मण्यात दिसतं. म्हणून काळं कापड. ते कापडही आधी टॉर्चखाली बघून घ्या, धुण्यातली पावडर त्यावर राहिलेली असते.

बाल्टिक अंबर दुधी निळसर ते पिवळट हिरवट चमकतं. ही चमक ताज्या पृष्ठभागावर जास्त आणि जुन्या, हवेने काळवंडलेल्या पृष्ठभागावर मंद, मातकट. म्हणून टॉर्च मण्याच्या गुळगुळीत पोटावर मारून थांबू नका. भोकाच्या कडेला जिथे टवका उडालाय तिथे बघा. वरची साल मंद तपकिरी आणि टवक्याच्या आत एकदम दुधी निळा उजेड, असं दिसलं तर त्या मण्याचं खरंच वय झालंय. प्लास्टिकला असा सालीचा आणि गाभ्याचा फरक नसतो. मला विचाराल तर घरी करण्यासारख्या चाचण्यांत ही सगळ्यात बोलकी आहे.

कोपल बहुधा फिकं, पांढुरकं चमकतं. बेकेलाइट अंधारात जवळपास अंधारच राहतं. केसीनही निळसर पांढरं चमकतं, त्यामुळे 'चमकलं म्हणजे अंबर' हा निष्कर्ष चूक. 'अजिबातच चमकलं नाही, तेव्हा जपून' हा निष्कर्ष त्यापेक्षा बरा.

दाबून केलेलं अंबर इथे स्वतःच कबुली देतं. चुऱ्यातल्या प्रत्येक कणाला स्वतःची जुनी साल होती. दाबल्यावर त्या साली आत सीमारेषा होऊन राहतात. यूव्हीखाली मणी फरशीच्या तुकड्यांसारखा कणाकणांत वाटलेला दिसतो.

चौथी पायरी: लॅपटॉप आणि गॉगल

जेमॉलॉजीच्या वर्गात पोलॅरिस्कोप असतो, म्हणजे दोन ध्रुवीकरण काचांच्या मध्ये खडा धरून बघायचं उपकरण. घरी लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा उघडा. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश मुळातच ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा असतो. पोलराइज्ड गॉगलची काच समोर धरून फिरवत राहा, एका कोनात पडदा काळा होतो. तिथेच थांबा आणि मणी दोघांच्या मध्ये धरा.

अंबर अस्फटिकी आहे, म्हणजे पुस्तकाप्रमाणे ते कुठल्याही बाजूने फिरवलं तरी काळंच राहायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही. आत साठलेल्या ताणामुळे सापासारखे वळणारे उजळ पट्टे दिसतात, कुठे इंद्रधनुषी रंग. कीटक अडकलेला असेल तर त्याच्याभोवती ताणाचं वलय दिसतं. हे पाहून 'दुहेरी वक्रीभवन (स्फटिकासारखं प्रकाशाचे दोन भाग करणं) आहे, तेव्हा अंबर नाही' असं म्हणू नका. हा ताणाचा परिणाम आहे आणि अंबरला तो साजेसाच आहे. प्लास्टिकमध्येही ताण दिसतो, त्यामुळे ही चाचणी अंबर आणि प्लास्टिक वेगळं करायला फार कामाची नाही. दाबलेलं अंबर पकडायला मात्र छान, कारण त्यात प्रत्येक कणाचा ताण वेगळा, आणि पट्टे वाहते न राहता गोधडीच्या ठिगळांसारखे दिसतात.

जे करायचं नाही

लाल तापवलेली सुई टोचून वास घेणं हा प्रकार इंटरनेटवर लोकप्रिय आहे. राळेचा वास आला की खरं, जळक्या प्लास्टिकचा आला की खोटं. पण कोपलही राळच आहे, तिचाही वास चांगलाच येतो. म्हणजे ज्याला पकडायचं तोच सुटतो आणि मण्याला भोक मात्र कायमचं. अ‍ॅसिटोनचा थेंब कोपलवर चिकट डाग पाडतो आणि बाल्टिक अंबरवर सहसा काही करत नाही. प्रयोगशाळेत जाणकाराने एखाद्या कोपऱ्यात केलं तर त्याला अर्थ आहे, दुकानात दुसऱ्याच्या मालावर नाही. तळहातावर जोरात घासून चिकटपणा आणि वास येतो का बघणं त्यापेक्षा निरुपद्रवी. कोपल असं घासल्यावर कधीकधी चिकटायला लागतं.

लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवणारा विक्रेता भेटेलच. अंबर कपटे उचलतं हे खरं. प्लास्टिकचा कंगवाही उचलतो.

आता जाती

बाल्टिक अंबरचा मोठा साठा रशियाच्या कॅलिनिनग्राड भागात यांतार्नी इथे आहे आणि व्यापाराचं जुनं केंद्र पोलंडमधलं ग्दान्स्क. वय साधारण ३.५ ते ४.८ कोटी वर्षं. यात ३ ते ८ टक्के सक्सिनिक आम्ल असतं, म्हणून शास्त्रीय नाव सक्सिनाइट. पारदर्शक मधासारख्या रंगापासून दुधाळ, लोण्यासारख्या, थेट हाडासारख्या पांढऱ्या रंगापर्यंत सगळं याच अंबरमध्ये मिळतं, आणि या छटांमागे बऱ्याच अंशी बुडबुडे असतात. किती आणि केवढे, यावर सगळं अवलंबून. पांढऱ्या अंबरमध्ये एका चौरस मिलिमीटरला नऊ लाखांपर्यंत बुडबुडे मोजले गेलेत, प्रत्येक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि तुकडा अपारदर्शक होतो. बुडबुडे मोठे आणि विरळ झाले की नुसतं ढगाळ दिसतं. म्हणजे मध आणि लोणी या छटांत मूळ राळेचा फरक नाही, आतल्या हवेचा आहे. जुन्या लोणी रंगाच्या मण्यांना अरब देशांत आणि चीनमध्ये मोठी किंमत येते, आणि म्हणूनच नकलांत हाच रंग सर्वाधिक.

बाल्टिक अंबरमध्ये लूपखाली तारकेच्या आकाराचे सूक्ष्म केस दिसले तर आनंद माना. ते ओकच्या कळ्याफुलांवरचे केस आहेत आणि बाल्टिकची ती नेहमीची खूण मानली जाते. अडकलेल्या कीटकाच्या एका बाजूला पांढुरकी बुरशीसारखी साय दिसली तरी घाबरू नका. कीटक कुजताना सुटलेल्या वायू-द्रवांनी ती तयार होते, आणि नकली मालात ती सहसा कोणी घालत बसत नाही.

डॉमिनिकन रिपब्लिकचं अंबर हायमेनिया या शेंगवर्गातल्या झाडाचं, वय साधारण १.५ ते २ कोटी वर्षं. बाल्टिकपेक्षा पारदर्शक आणि कीटकांनी श्रीमंत. पण त्याला नाव मिळवून दिलं ते निळ्या अंबरने, आणि इथे जरा थांबायला हवं.

निळा अंबर बघायचा तर तो उजेडासमोर धरू नका. उजेड आरपार गेला की तो चहासारखा पिवळट तपकिरी दिसतो, आणि विकत घेणाऱ्याला वाटतं आपण फसलो. तोच तुकडा दुपारच्या उन्हात काळ्या कापडावर ठेवा आणि वरून बघा. पृष्ठभागावर शाईसारखा निळा थर तरंगतो, तुकडा फिरवला की निळाई सरकते. उन्हातले अतिनील किरण शोषून पृष्ठभागाजवळचा थर निळा प्रकाश परत फेकतो. हे काम पेरिलीनसारख्या वलयी रचनेच्या (अ‍ॅरोमॅटिक) हायड्रोकार्बनचं असल्याचं मानलं जातं. खालून काळं असेल तर त्या निळ्यावर मात करणारा पिवळा प्रकाश आरपार येत नाही, म्हणून कापड काळं. दुकानातल्या एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळपास नसतातच, त्यामुळे तिथे निळा अंबर निळा दिसणार नाही. आणि एलईडीखालीसुद्धा आरपार निळंशार दिसणारं काही कोणी दाखवलं, तर तो रंगवलेला माल आहे.

सुमात्राहूनही निळं अंबर येतं, स्वस्त आणि मोठ्या तुकड्यांत. ते वेगळ्या झाडाचं आहे, तेव्हा 'निळं' म्हणजे 'डॉमिनिकन' असं लिहिलेल्या पाटीवर विश्वास ठेवू नका. मेक्सिकोतल्या चियापासचं अंबर मात्र डॉमिनिकनचं जवळचं भावंड आहे. तेही हायमेनियाचंच, आणि दोघांना वेगळं करणं प्रयोगशाळेलाही जड जातं.

बर्मी अंबर काचिन राज्यातल्या हुकौंग खोऱ्यातलं. वय सुमारे ९.९ कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉरच्या काळातलं. रंग तपकिरी, लालसर, कधी चेरीसारखा गडद. यूव्हीखाली बहुधा जोरदार निळं चमकतं, आणि बाल्टिकपेक्षा थोडं कठीण. कॅल्साइटच्या शिरा असलेले तुकडे जड भरतात, म्हणून मिठाच्या पाण्यात एखादा बर्मी तुकडा बुडाला तर लगेच खोटा म्हणू नका. २०१६ साली पिसांसकट डायनोसॉरच्या शेपटीचा तुकडा याच अंबरमध्ये सापडल्याची बातमी आली आणि भाव चढले. पण त्या खाणींभोवती सशस्त्र संघर्ष आहे. २०१७ नंतर तिथून बाहेर पडलेल्या नमुन्यांवर संशोधन छापू नये, असं आवाहन पृष्ठवंशी जीवाश्मांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली केलं. मी नवशिक्यांना बर्मी अंबर घ्यायला सांगत नाही.

आपल्या शेजारचंही एक आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचं अंबर सापडतं. खंबायतच्या नावावरून त्याला कॅम्बे अंबर म्हणतात. आपण धुपात घालतो ती राळ ज्या साल वृक्षाची, त्याच्याच कुळातल्या झाडांचं ते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातून सातशेच्या वर कीटक आणि त्यांचे नातलग मिळाल्याचं नोंदलं होतं. गंमत अशी, की हे अंबर इतकं जुनं असूनही सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे राळ विरघळवणाऱ्या द्रवात विरघळतं, आणि संशोधकांनी त्याचाच फायदा घेऊन कीटक सबंध बाहेर काढले. म्हणजे 'अ‍ॅसिटोनने चिकट झालं तर कोपल' हा नियम इथे आपटतो. विरघळणं न विरघळणं हे नुसत्या वयावर ठरत नाही, राळ मुळात कुठल्या रसायनाची होती त्यावरही ठरतं. दागिन्यासाठी मात्र हे फार ठिसूळ, बाजारात शोधू नका.

कीटक असलेले तुकडे

कीटक जितका मोठा, मधोमध आणि ऐटीत पंख पसरलेला, तितका संशय जास्त. राळेत अडकलेला जीव धडपडतो. पाय वाकडे, पंख चिकटलेले, शेजारी सुटलेला एखादा पाय आणि पालापाचोळ्याचा कचरा, असं चित्र असतं. बहुतेक खरे कीटक काही मिलिमीटरचेच.

फसवणूक किती चांगली होऊ शकते याचं नामी उदाहरण लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. बाल्टिक अंबरमधली एक माशी १९२२ साली त्यांच्या संग्रहात आली. १९६६ मध्ये विली हेनिग या नामांकित कीटकशास्त्रज्ञाने ती आजच्याच एका जातीची माशी आहे असं ठरवलं. इतकी जुनी आणि तरी तंतोतंत आजची, म्हणून ती महत्त्वाची मानली गेली. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस सूक्ष्मदर्शकाखाली ती बघत असताना दिव्याच्या उष्णतेने तुकड्यात भेग दिसू लागली. कोणीतरी खरं अंबर मधोमध कापून एका बाजूला खोबण कोरली होती, त्यात माशी ठेवून दोन्ही भाग चिकटवले होते. अंबर खरं होतं, म्हणून कुठल्याही आकड्याने ते पकडलं गेलं नसतं. तेव्हा तुकडा कडेने फिरवून बघा, एका पातळीत गेलेली सरळ रेघ किंवा त्याच पातळीत चपटे बुडबुडे दिसतात का.

तापवलेलं आणि सुधारलेलं

मण्याच्या आत सोनेरी, गोल चकत्या चमकताना दिसतात. विक्रेते त्यांना अस्सलपणाची खूण म्हणतात. बहुतेकदा त्या अंबर तापवल्याने आत पडलेल्या चपट्या भेगा असतात, आणि प्लास्टिकमध्येही त्यांची नक्कल करतात. ढगाळ अंबर पारदर्शक करायला पूर्वी तेलात तापवत, आता दाबपात्रात. कोन्याक आणि चेरीचे गडद रंग बऱ्याचदा पृष्ठभाग तापवून आणलेले. हिरवं अंबर जवळपास नेहमीच उष्णतेची करामत, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत हिरव्या अंबरच्या नावाने तापवलेलं कोपलही विकलं जात असल्याचं दिसलं. यात काही वाईट नाही, सांगून विकलं तर. ग्दान्स्कमधल्या इंटरनॅशनल अंबर असोसिएशनने नैसर्गिक, सुधारित, पुनर्रचित म्हणजे दाबलेलं, आणि जोडलेलं असे वर्ग ठरवलेत. दुकानदाराला 'असली आहे का?' विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. यांतला कुठला वर्ग, आणि तो बिलावर लिहून देणार का, हे विचारा.

बाळांना दात येताना अंबरच्या माळा घालतात, तो उद्योग टाळा. गळ्याला फास बसण्याचा आणि मणी घशात अडकण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये दिलाय.

प्रयोगशाळेत नेताना

किंमत मोठी असेल तर घरच्या चाचण्यांवर थांबू नका. १९६४ साली कर्ट बेक आणि सहकाऱ्यांनी अवरक्त वर्णपटावरून बाल्टिक अंबर ओळखता येतं हे दाखवलं. ११७५ ते १२५० तरंगसंख्येच्या (एका सेंटिमीटरात किती लाटा बसतात त्या आकड्याच्या) दरम्यान आलेख खांद्यासारखा सपाट होतो आणि लगेच ११६० च्या आसपास टोकदार उतरतो. याला बाल्टिक खांदा म्हणतात, दुसऱ्या अंबरमध्ये तो असा मिळत नाही. कोपलमध्ये ३०८२, १६४३ आणि ८८८ या ठिकाणच्या खुणा ठळक असतात. राळ पिकत जाते तशा त्या पुसट होतात.

मुंबई किंवा जयपूरच्या प्रयोगशाळेत फोन करून आधी विचारा: एफटीआयआर, म्हणजे अवरक्त वर्णपट काढणारं यंत्र आहे का? अंबर आणि कोपल वेगळं करून अहवालावर लिहिता का? दाबलेलं असेल तर तसं नमूद करता का? मूळ प्रदेश लिहिता, की फक्त 'अंबर'? काही ठिकाणी चिमूटभर भुकटी खरवडून घेतात, काही ठिकाणी पृष्ठभागावरच मोजतात. खरवडायला तुमची परवानगी लागेल, ती देण्याआधी कुठून खरवडणार ते ठरवून घ्या. मण्यासाठी भोकाची आतली कड सगळ्यात बरी.

घरी आणल्यावर अल्ट्रासॉनिक क्लीनर नको, वाफ नको. अत्तर, हेअर स्प्रे आणि हातांना लावायचं सॅनिटायझर यांपासून लांब ठेवा, कारण अल्कोहोलने पॉलिश मरतं. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरतं. कठीण खड्यांच्या डबीत ठेवलंत तर महिन्याभरात ओरखडे दिसतील, म्हणून वेगळी कापडी पिशवी.